रेडिओवर आणि कॉकपिटमध्ये: सुरक्षित उड्डाणासाठी वैमानिकाने कसे बोलावे, कसे ऐकावे आणि केव्हा अडवावे

वैमानिक व्हायला निघालेल्या मराठी मुलामुलींना ‘आरटी’ची, म्हणजे रेडिओवरून बोलण्याची, जी धास्ती वाटते ती बहुतेक वेळा इंग्रजीची धास्ती असते. आपला हेल ऐकून समोरचा हसेल, शब्द ऐन वेळी सुचणार नाही, सगळी फ्रिक्वेन्सी आपली फजिती ऐकेल, अशी ती भीती. ती चुकीच्या जागी आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे आयकाओने, भाषेच्या सहा पातळ्या ठरवल्या आहेत आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी त्यांतली चौथी पुरते. या पातळीवर उच्चारात मातृभाषेची छटा असलेली चालते. तिच्यामुळे समजण्यात वारंवार अडथळा येऊ नये, एवढीच अपेक्षा असते. पुढे ज्या अपघातांचे दाखले दिले आहेत, त्यांतले बरेचसे घडवणारे लोक इंग्रजी उत्तम बोलत होते किंवा आपल्याच माणसाशी बोलत होते. अर्धवट कळलेले पूर्ण कळले असे धरून पुढे जाणे आणि जे दिसते आहे ते स्पष्ट न बोलणे, या दोन सवयींनी तिथे घात केला. म्हणून या लेखातल्या पायऱ्या इंग्रजी सुधारण्याच्या नसून या दोन सवयी मोडण्याच्या आहेत.

पहिली पायरी: बटण दाबण्याआधी

विमानातल्या व्हीएचएफ रेडिओवर एका वेळी एकानेच बोलायचे असते. दोघांनी एकाच क्षणी बटण दाबले तर ऐकणाऱ्याच्या कानावर शब्दांऐवजी कर्कश शिट्टी पडते आणि बोलणाऱ्या दोघांनाही आपले बोलणे वाया गेल्याचा पत्ता लागत नाही. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरीफ बेटावर धुक्यात नेमके हेच झाले. केएलएम कंपनीच्या विमानातल्या सहवैमानिकाने ‘वुई आर नाऊ अ‍ॅट टेक-ऑफ’ असे सांगितले. नियंत्रकाने ‘ओके’ म्हणून, क्षणभर थांबून, उड्डाणासाठी थांबा, मी बोलावीन, असे सांगितले. त्याच क्षणी पॅन अ‍ॅमच्या वैमानिकांनी आपण अजून धावपट्टीवरच असल्याचे कळवले. केएलएमच्या कॉकपिटमध्ये ‘ओके’ तेवढे स्वच्छ ऐकू गेले, पुढच्या दोन्ही सूचना शिट्टीत बुडाल्या. धावपट्टीवरच्या त्या टकरीत ५८३ माणसे मेली. ‘टेक-ऑफ’ हा शब्द आज फक्त उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करताना वापरतात आणि एरवी ‘डिपार्चर’ म्हणतात, हा नियम त्या अपघातातून आला. परीक्षेसाठी तो पाठ करणाऱ्याने त्यामागचा हा हिशेबही लक्षात ठेवावा.

नवी फ्रिक्वेन्सी लावल्यावर लगेच बोलू नये. आधी कोण कोणाशी बोलत आहे ते ऐकावे. नियंत्रकाने दुसऱ्या विमानाला सूचना दिली असेल तर त्या विमानाचे उत्तर येईपर्यंत थांबावे, कारण ती शांतता त्या वैमानिकाच्या वाट्याची असते. काय सांगायचे ते मनात पूर्ण जुळवून घ्यावे आणि परवानगी लांबलचक येणार असेल तर मांडीवरच्या पॅडवर पेन टेकवूनच ती मागावी. बटण दाबल्यावर किंचित थांबून मगच पहिला शब्द उच्चारावा, नाहीतर कॉलसाइनचा, म्हणजे रेडिओवर ओळख म्हणून वापरायच्या नावाचा, सुरुवातीचा तुकडा कापला जातो. बोलण्याचा क्रम कधी बदलू नये: कोणाला, कोण, कुठे, काय हवे. आयकाओच्या शिफारशीप्रमाणे वेग मिनिटाला १०० शब्दांच्या वर जाऊ नये. मुंबईसारख्या गर्दीच्या फ्रिक्वेन्सीवर नियंत्रक भराभर बोलतो म्हणून आपणही तसेच बोललो, की एकच गोष्ट दोनदा सांगावी लागते आणि वाचवलेला वेळ दामदुपटीने जातो.

दुसरी पायरी: आकडे

रेडिओवरच्या संभाषणाचा बराचसा भाग आकड्यांचा असतो आणि बहुतेक गोंधळही तिथेच होतात. १९ फेब्रुवारी १९८९ रोजी फ्लाइंग टायगर कंपनीचे मालवाहू बोइंग ७४७ विमान क्वालालंपूरजवळ डोंगरावर आदळले. २,४०० फुटांपर्यंत उतरा, असे नियंत्रकाला सांगायचे होते आणि त्याने ‘डिसेंड टू फोर झीरो झीरो’ असे म्हटले. त्यातला ‘टू’ हा आकडा ‘पर्यंत’ या अर्थाच्या शब्दासारखाच ऐकू येत असल्याने वैमानिकांनी ४०० फूट असा अर्थ घेतला आणि ‘ओके, फोर झीरो झीरो’ असे उत्तर दिले. ते उत्तर कोणी दुरुस्त केले नाही. विमानातले चौघेही मेले.

येथून घेण्यासारखी सवय अशी, की आकड्याआधी तो कशाचा आहे हे नेहमी सांगावे. उंची असेल तर ‘अ‍ॅल्टिट्यूड’ किंवा ‘फ्लाइट लेव्हल’, दिशा असेल तर ‘हेडिंग’, वेग असेल तर ‘स्पीड’. ‘क्लाइंब टू फाइव्ह थाउजंड’पेक्षा ‘क्लाइंब टू अ‍ॅल्टिट्यूड फाइव्ह थाउजंड फीट’ हे वाक्य लांब आहे, पण त्यात दुसरा अर्थ शिरायला फट नाही. तीनला ‘ट्री’, पाचला ‘फाइफ’, नऊला ‘नायनर’ म्हणणे सुरुवातीला नाटकी वाटते. खरखरत्या रेडिओवर पाच आणि नऊ एकसारखे ऐकू येतात, हे एकदा अनुभवले की वाटेनासे होते. परदेशी उड्डाणात दाबाच्या एककाकडेही लक्ष हवे: भारतात क्यूएनएच, म्हणजे उंचीमापकात भरायचा हवेचा दाब, हेक्टोपास्कलमध्ये मिळते, अमेरिकेत पाऱ्याच्या इंचांत.

तिसरी पायरी: रीडबॅक, आणि त्याच्यापुढचे पाऊल

नियंत्रकाच्या काही सूचना शब्दशः परत म्हणून दाखवाव्याच लागतात. मार्गाची परवानगी, धावपट्टीवर जाणे, उतरणे, उडणे, ती ओलांडणे, तिच्याआधी थांबणे किंवा तिच्यावरून उलट येणे यासंबंधीची प्रत्येक सूचना, वापरातली धावपट्टी, क्यूएनएच, ट्रान्सपाँडरचा (रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या यंत्राचा) कोड, उंची, दिशा आणि वेग हे सारे त्यात येते. यांपैकी कशालाही नुसते ‘रॉजर’ हे उत्तर चालत नाही. ‘रॉजर’ म्हणजे तुमचे बोलणे मिळाले. काय मिळाले, हे त्यातून कळत नाही. ‘विल्को’मध्ये तसे करतो अशी हमी असते, पण आकडे असलेल्या सूचनेला तेही अपुरे आहे. रीडबॅकच्या शेवटी कॉलसाइन हवाच, विशेषतः फ्रिक्वेन्सीवर मिळतेजुळते आकडे असलेली दोन विमाने असतील तेव्हा. दुसऱ्याची परवानगी आपण उचलली, तर कॉलसाइनविना ती चूक नियंत्रकाच्या कानाला खटकणारच नाही.

रीडबॅक बिनचूक असूनही घात होऊ शकतो, हे २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर दिसले. भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेल्या तटरक्षक दलाच्या विमानाला नियंत्रकाने सांगितले की तुमचा क्रमांक पहिला आहे, सी-५ या थांबण्याच्या जागेपर्यंत या. उत्तर आले: ‘टॅक्सी टू होल्डिंग पॉइंट सी फाइव्ह, नंबर वन, थँक यू.’ शब्द सगळे बरोबर होते. पण ‘नंबर वन’मधून वैमानिकाने धावपट्टीवर जाण्याची परवानगी वाचली आणि विमान धावपट्टीवर जाऊन उभे राहिले. त्याच धावपट्टीवर जपान एअरलाइन्सचे ए-३५० उतरत होते. प्रवासी विमानातले सर्व ३७९ जण जळत्या विमानातून जिवंत बाहेर पडले. तटरक्षक दलाच्या सहापैकी पाच जणांचा मृत्यू झाला.

म्हणून रीडबॅकनंतर आणखी एक पाऊल टाकायचे असते आणि माझ्या मते प्रशिक्षणात त्यावर फार कमी वेळ दिला जातो. धावपट्टीची रेषा ओलांडण्याआधी दोघा वैमानिकांनी परवानगीचे नेमके शब्द एकमेकांना म्हणून दाखवावेत. ‘लाइन अप’ (धावपट्टीवर येऊन उभे राहा), ‘क्रॉस’ किंवा ‘क्लिअर्ड फॉर टेक-ऑफ’ यांपैकी एकही शब्द दोघांनी ऐकलेला नसेल, तर परवानगी मिळालेली नाही. एकाला आठवते आणि दुसऱ्याला आठवत नाही, अशी स्थिती असेल तरी विचारायचे: ‘कन्फर्म क्लिअर्ड टू लाइन अप?’ एकट्याने उडणाऱ्या विद्यार्थ्याने परवानगी लिहून घ्यावी, कागदाकडे पाहावे आणि डावी-उजवीकडे नजर टाकून मग ब्रेक सोडावा.

चौथी पायरी: कळले नाही, असे सांगणे

‘से अगेन’, ‘कन्फर्म’, ‘स्टँडबाय’ आणि ‘अनेबल’ हे चार शब्द वैमानिकाच्या हक्काचे आहेत. गोंदियाजवळच्या बिरशीला किंवा धुळ्याला शिकणारा विद्यार्थी पहिल्या एकट्याच्या उड्डाणात ‘से अगेन’ म्हणायला लाजतो, कारण ऐकणाऱ्यांत त्याचा प्रशिक्षकही असतो. प्रशिक्षकाने ही लाज पहिल्या आठवड्यातच घालवली पाहिजे. सूचनेचा एखादाच भाग निसटला असेल तर ‘से अगेन हेडिंग’ असे नेमके विचारावे. नियंत्रकाने मागितलेला वेग किंवा वळण विमानाला जमणार नसेल, ढग आडवा येत असेल, तर ‘अनेबल’ म्हणावे आणि लगोलग कारण व पर्याय द्यावा: ‘अनेबल, वेदर अहेड, रिक्वेस्ट टेन माइल्स राइट ऑफ ट्रॅक.’ सूचना धुडकावल्याचा आव त्यात नसतो, माहिती पुरवल्याचा असतो.

प्रमाणित शब्दांत न बसणारे सांगायचे झाले की साधे, छोटे वाक्य बोलावे. भाषा-पात्रतेची परीक्षा मुख्यतः याच क्षणांसाठी आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात सौदिया आणि कझाकस्तान एअरलाइन्स यांच्या विमानांची टक्कर होऊन ३४९ जण मेले. कझाक विमानाला १५,००० फुटांपर्यंतच उतरण्याची परवानगी होती, ते त्याच्या खाली गेले. नियंत्रकाशी इंग्रजीत बोलणारा रेडिओ ऑपरेटर आणि विमान चालवणारे वैमानिक ही तिथे वेगवेगळी माणसे होती. म्हणजे सूचना ज्याच्या कानात पडत होती त्याच्या हातात विमान नव्हते. त्यानंतर भारतात विमानांवर टक्करविरोधी यंत्रणा बंधनकारक झाली. पण कॉकपिटसाठी धडा वेगळा आहे: एकाने ऐकलेली उंची दुसऱ्याने उपकरणात भरताना दोघांनी त्या आकड्याकडे बोट दाखवून तो मोठ्याने म्हणावा.

पाचवी पायरी: शेजारच्या खुर्चीशी बोलणे

ही पायरी सगळ्यांत अवघड आहे, कारण येथे भाषेचा प्रश्न संपतो आणि हुद्द्याचा सुरू होतो. मोठ्यांना उलट बोलू नये, चारचौघांत चूक दाखवू नये, या वळणात वाढलेला पंचविशीतला सहवैमानिक दहा हजार तासांच्या कॅप्टनशेजारी बसतो, तेव्हा ते वळण कॉकपिटबाहेर ठेवून येत नाही.

७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडला उतरताना एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान ओल्या धावपट्टीवर जवळजवळ अर्ध्यावर जाऊन टेकले आणि टोकाच्या उतारावरून खाली कोसळले; दोन्ही वैमानिकांसह २१ जण मेले. चौकशी अहवालात नोंद आहे की उतरण्यापूर्वी सहवैमानिकाने ‘जस्ट चेक इट’ असे क्षीण, अवघडलेल्या स्वरात म्हटले, मग ‘कॅप्टन’ अशी हाक मारली आणि शेवटी ‘गो-अराउंड’ (न उतरता पुन्हा वर चला) म्हटले. प्रतिसाद आला नाही आणि त्याने नियंत्रण हातात घेतले नाही, हेही अहवालाने कारणांत धरले. त्याआधी दहा वर्षे, २२ मे २०१० रोजी, मंगळूरच्या अपघातात १५८ जण मेले, तेव्हाही सहवैमानिकाने तीनदा ‘गो-अराउंड’ सुचवले होते. कॅप्टन उड्डाणातला बराच वेळ झोपलेला होता, हे कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणावरून कळले.

‘जस्ट चेक इट’ या वाक्यात काय तपासायचे ते नाही, किती चुकले आहे ते नाही आणि काय करायचे तेही नाही. मान राखून बोलताना आपण नेमके हेच तीन तपशील गाळतो. म्हणून कनिष्ठाने चढत्या क्रमाने बोलायची सवय लावावी. एक हजार फुटांवर वेग जास्त आहे असे समजू. पहिले वाक्य निव्वळ निरीक्षणाचे: ‘स्पीड, प्लस ट्वेंटी.’ कॅप्टनने ‘करेक्टिंग’ म्हटले आणि काटा खाली आला, तर विषय संपला. आला नाही, तर दुसरे वाक्य परिणामाचे: ‘सर, वुई आर अनस्टेबल, फाइव्ह हंड्रेडपर्यंत जमणार नाही.’ तिसरे वाक्य आज्ञेचे: ‘कॅप्टन, गो-अराउंड!’ त्यालाही उत्तर नाही, तर ‘आय हॅव कंट्रोल्स’ म्हणून विमान वर न्यायचे. लागोपाठ दोन हाकांना उत्तर न देणारा वैमानिक असमर्थ झाला आहे असे धरावे, असा नियम अनेक कंपन्यांच्या कार्यपद्धतीत असतो. ‘सर’ म्हणायला काहीच हरकत नाही. मात्र वाक्य ‘सर’पाशीच थांबू नये. चारही पायऱ्या चढायला आकाशात जेमतेम अर्धा मिनिट मिळतो, त्यामुळे त्या सिम्युलेटरमध्ये तोंडात बसलेल्या असाव्या लागतात. जमिनीजवळ आणि वेळ नसताना थेट तिसऱ्या वाक्यापासून सुरुवात करणे योग्यच आहे.

अर्धी जबाबदारी कॅप्टनची असते. टेनेरीफला केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरने शंका विचारली होती, की ते पॅन अ‍ॅमचे विमान अजून धावपट्टीवरून बाजूला झाले नाही का. कॅप्टनने ठासून उत्तर दिले आणि विषय तिथेच मिटला. शंका बरोबर की चूक हे ठरवण्याआधी ती तपासायची, हा कॅप्टनचा शिरस्ता हवा. ‘काही वाटले तर बोल’ हे ब्रीफिंगमधले वाक्य सगळेच म्हणतात आणि त्याने फारसे काही बदलत नाही. आपले मत देण्याआधी ‘तू काय करशील?’ असे विचारणे, पहिली दुरुस्ती सुचवली गेली की ‘बरे झाले सांगितलेस’ म्हणणे, आणि प्रत्येक कॉलआउटला, म्हणजे शेजारच्याने मोठ्याने सांगितलेल्या गोष्टीला, ऐकू येईल असे उत्तर देणे, याने फरक पडतो. १९८९ मध्ये अमेरिकेत सू सिटीजवळ युनायटेडच्या विमानाची सर्व हायड्रॉलिक नियंत्रणे गेली, तेव्हा कॅप्टन अल हेन्स यांनी प्रवासी म्हणून आलेल्या एका प्रशिक्षक वैमानिकाला कॉकपिटमध्ये घेऊन त्याच्या हाती थ्रॉटल दिले. २९६ पैकी १८४ जण वाचले.

उतरण्याआधीचे ब्रीफिंग म्हणजे पाठांतर नव्हे. काय दिसेल आणि काय फसवेल, हे त्यात असावे. सप्टेंबर १९७२ मध्ये मुंबईकडे येणारे जपान एअरलाइन्सचे डीसी-८ सांताक्रूझऐवजी चुकून जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरले आणि तिच्या टोकाबाहेर गेले. पश्चिमेकडून येताना जुहू आधी दिसते, हे एक वाक्य ब्रीफिंगमध्ये असेल तर दोन डोळ्यांऐवजी चार डोळे ती चूक शोधत असतात.

सहावी पायरी: आणीबाणीत

आधी विमान उडवायचे, मग दिशा ठरवायची, मग बोलायचे. हा क्रम सर्वत्र शिकवतात. पण बोलायची वेळ आली की अनेकांची जीभ नेमक्या शब्दापाशी अडखळते. २५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाच्या अ‍ॅव्हिआंका कंपनीचे बोइंग ७०७ न्यूयॉर्ककडे येताना वाटेत तासाभराहून जास्त घिरट्या घालाव्या लागून इंधन संपल्याने पडले. ७३ जण मेले. सहवैमानिकाने ‘प्रायॉरिटी’ मागितली होती, इंधन संपत आले असेही सांगितले होते. आणीबाणी आहे हे मात्र नियंत्रकाला कळेल अशा शब्दांत एकदाही सांगितले नाही. आता इंधनासाठी दोनच ठराविक घोषणा आहेत. ‘मिनिमम फ्युएल’ म्हणजे ठरलेल्या विमानतळावर उतरण्यावाचून पर्याय उरलेला नाही आणि आणखी विलंब झाल्यास राखीव साठ्याला हात लागेल. यात प्राधान्य मिळत नाही. उतरताना अंतिम राखीव साठ्यापेक्षा कमी इंधन उरणार असे हिशेबाने दिसले, की ‘मेडे, मेडे, मेडे, फ्युएल’ म्हणायचे.

जिवाला तत्काळ धोका असेल तर ‘मेडे’ तीनदा. तातडी आहे पण तितका धोका नाही, तर ‘पॅन पॅन’ तीनदा. त्यानंतर नियंत्रकाचे नाव, कॉलसाइन, काय झाले, काय करणार, स्थान, उंची व दिशा, आणि जमल्यास विमानात किती माणसे व किती वेळाचे इंधन आहे, हे याच क्रमाने. चालू फ्रिक्वेन्सीवरच बोलावे. तिथे कोणी ऐकत नसेल तर १२१.५. ट्रान्सपाँडरवर ७७००, आणि रेडिओ बंद पडला असेल तर ७६००. नियंत्रक प्रश्नांचा भडिमार करू लागला तर ‘स्टँडबाय’ म्हणून त्याला थांबवावे. टक्करविरोधी यंत्रणेने वर किंवा खाली जाण्याचा आदेश दिला, तर नियंत्रक उलट सांगत असला तरी यंत्रणेचेच ऐकायचे आणि ‘टीकॅस आरए’ एवढेच कळवायचे. जर्मनीतल्या युबरलिंगेनच्या आकाशात २००२ मध्ये एका विमानाने नियंत्रकाचे ऐकले, दुसऱ्याने यंत्रणेचे, आणि ७१ जण मेले.

सातवी पायरी: दाराच्या पलीकडे

८ जानेवारी १९८९ रोजी इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ पडलेल्या ब्रिटिश मिडलंडच्या विमानात डावे इंजिन बिघडले होते आणि वैमानिकांनी उजवे बंद केले. कॅप्टनने उजव्या इंजिनात बिघाड झाल्याची घोषणाही केली. डावीकडच्या ज्वाळा पाहणारे अनेक प्रवासी आणि केबिन कर्मचारी गप्प राहिले. त्यांना वाटले, पुढच्यांना ठाऊकच असेल. ४७ जण मेले. आणीबाणीत केबिन प्रमुखाला चार गोष्टी सांगतात: काय झाले, आपण काय करणार, किती वेळ आहे, विशेष सूचना काय. हे सांगून झाल्यावर त्याच्याकडून ते परत म्हणून घ्यावे आणि पाचवा प्रश्न न चुकता विचारावा: तुमच्या बाजूने काय दिसते?

सराव

आरटीआरचा, म्हणजे विमानातला रेडिओ वापरण्याचा, परवाना पूर्वी दूरसंचार खात्याकडून मिळत असे. भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ आल्यावर हे काम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, म्हणजे डीजीसीएकडे, आले. परीक्षा कोणीही घेवो, तयारी घरीच होते. खुर्चीत बसून एक पूर्ण फेरी, इंजिन सुरू करण्यापासून पार्किंगपर्यंत, मोठ्याने बोलावी. नियंत्रकाची भूमिका मित्राला द्यावी आणि त्याला मुद्दाम चुकीचा क्यूएनएच, अर्धवट परवानगी, दुसऱ्याचे कॉलसाइन अशा गोष्टी मध्ये पेरायला सांगाव्यात. हे सारे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ऐकताना तीन गोष्टी मोजाव्यात: किती वेळा ‘अं’ झाले, किती आकड्यांआधी त्यांचे नाव आले नाही, आणि पेरलेल्या किती चुका न विचारता सोडल्या. चौथ्या पातळीची भाषा-परीक्षा निदान दर तीन वर्षांनी एकदा पुन्हा द्यावी लागते. बरेच महिने उड्डाण न केलेल्याने मात्र तेवढे न थांबता परतीच्या पहिल्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी ही फेरी एकदा म्हणावी, आणि तीत ‘अनेबल’ व ‘गो-अराउंड’ हे दोन शब्द सामान्य बोलण्यापेक्षा वरच्या आवाजात म्हणून पाहावेत.